१२ इंची टीव्ही युनिटमध्ये विम अ‍ॅम्प: माहीमच्या हॉलमधून रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. 'विम अ‍ॅम्प' हा स्पीकर चालवणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आमच्या टीव्ही युनिटच्या बंद खणात बसवलाय, आणि तो तिथे बसतो म्हणूनच घेतलाय, आवाजाचा नंबर नंतर लागला. ऑडिओवाले नाकं मुरडतील, मुरडू देत. ज्यांच्या घरी गाणी ऐकायला वेगळी खोली आहे त्यांच्यासाठी हे नाहीच. ज्यांच्या हॉलमध्ये सोफा-कम-बेड उघडला की टीव्हीपर्यंत जायला अंग चोरून जावं लागतं त्यांच्यासाठी आहे.

आपल्याकडे सुतार युनिट काढतो ते टीव्हीच्या हिशोबाने. टीव्ही गेला भिंतीवर, मग खाली काय राहणार, सेट-टॉप बॉक्स, राउटर, दोन फोटोफ्रेम आणि कधीतरी कोणीतरी दिलेला काचेचा गणपती, एवढ्याला डेप्थ कशाला हवी, म्हणून १२ इंच, फार तर १४. आमचं १२ इंचच आहे, भिंतीला टांगलेलं, खालून केरलादी नीट व्हावी म्हणून. बाहेरून १२ इंच म्हणजे ३०५ मिमी, त्यातून पुढचं १८ मिमीचं शटर वजा करा, मागचा ६ मिमीचा प्लाय वजा करा, उरले साधारण २८० मिमी. पुढचं सगळं गणित ह्या २८० वर आहे.

आता रिसीव्हर बघा, म्हणजे चारी बाजूंना स्पीकर लावायचे असतील तर लागतो तो मोठा अ‍ॅम्प. डेनॉनचा एव्हीआर-एक्स१७००एच घ्या, चांगला घरगुती ७.२ (सात स्पीकर, दोन सबवूफर) रिसीव्हर, मला स्वतःला आवाज आवडतो त्याचा. ४३४ मिमी रुंद, १५१ मिमी उंच आणि मागे-पुढे ३३९ मिमी. म्हणजे शटर लागायच्या आधीच तो सहा सेंटीमीटर बाहेर डोकावतो, आणि ह्यात मागच्या वायरी धरलेल्याच नाहीत. स्पीकरच्या वायरीच्या टोकाला सरळ बनाना प्लग (खुपसायची पिन) लावला की त्याचे ३-४ सेंमी, जाड एचडीएमआय केबल काटकोनात दुमडता येत नाही म्हणून तिचे ५ सेंमी तरी धरा, तर हा रिसीव्हर आरामात बसायला आतून ४०० मिमी पाहिजेत, म्हणजे युनिट झालं सोळा-सतरा इंचांचं.

मग लोक म्हणतात स्लिम घ्या. इथेच खरी गंमत आहे आणि ही कोणी सांगत नाही. मरँट्झचा सिनेमा ७०एस हा स्लिम रिसीव्हर म्हणून बऱ्याचदा सुचवला जातो, उंची फक्त १०९ मिमी, दिसायला एकदम देखणा, पण मागे-पुढे किती, तर ३८४ मिमी! डेनॉनपेक्षा साडेचार सेंमी जास्त. उंचीतून वाचवलेलं सामान कुठेतरी जाणारच ना, ते मागे सरकलंय. ज्याच्या खणाची उंची कमी आहे पण डेप्थ भरपूर आहे त्याला तो परफेक्ट, पण मुंबईच्या युनिटमध्ये बरोबर उलटं असतं, उंची सुतार वाढवून देतो, डेप्थ द्यायला हॉल तयार नसतो. एका शोरूममध्ये मला 'मॅडम, स्लिम आहे, कुठेही बसतो' असं अगदी छातीठोक सांगितलं, मी पर्समधून टेप काढून मागून पुढे लावली तेव्हा तो मुलगा म्हणाला, 'मागचा प्लाय काढून टाका ना.' म्हणजे सामान आपण विकायचं आणि फर्निचर गिऱ्हाइकाने फोडायचं.

बरं, प्लाय काढणं हा उपाय अगदीच वाईट आहे असं नाही. जमिनीवर उभं असलेलं युनिट असेल आणि मागे भिंतीपर्यंत दोन-तीन इंच फट सोडता येत असेल तर मागचा प्लाय त्या खणापुरता कापून घ्या, वायरींना जागा मिळते आणि हवाही खेळते. टांगलेल्या युनिटमध्ये मात्र मागचं पॅनलच भिंतीला धरलेलं असतं, तिथे करवत लावायच्या आधी सुताराला विचारा. वर डेनॉन ८.६ किलोचा, आमच्या बिल्डिंगच्या भिंतींचं वय बघता तेवढं वजन एका कोपऱ्यात टांगायची माझी तरी हिंमत नाही.

विम अ‍ॅम्प १९० बाय १९० मिमी, उंची ६३ मिमी, वजन दोन किलोच्याही आत. २८० मधून १९० गेले की ९० मिमी उरतात, तेवढ्यात पॉवरची वायर, एचडीएमआय, स्पीकरच्या चार वायरी आणि लॅनची केबल सगळं मावतं, वाकडंतिकडं काही करावं लागत नाही. आणि अजून एक, पॉवर सप्लाय आतच आहे. फोसी, आयिमा असे छोटे अ‍ॅम्प स्वस्तात मिळतात, साइझ ह्याच्याहून लहान, पण बहुतेकांना बाहेर लॅपटॉपसारखा भलामोठा अ‍ॅडाप्टर असतो, तो गरम होतो, त्याला वेगळी जागा लागते, आणि खणातल्या एक्स्टेंशन बोर्डावर तो शेजारची दोन सॉकेटं अडवून बसतो. डबी लहान आणि शेपटीला विटेएवढा ठोकळा, काय उपयोग.

आता गरम होण्याबद्दल, कारण बंद खणात अ‍ॅम्प ठेवायचा म्हणजे अर्धी गोष्ट हीच आहे.

माझ्या दिरांकडे ठाण्याला चांगला मोठा ५.१ रिसीव्हर आहे, कंपनीचं नाव घेत नाही कारण दोष रिसीव्हरचा नाहीच. इंटिरिअरवाल्याने त्याला चारही बाजूंनी घट्ट, शटरसकट खण करून दिला, दिसायला झकास. मे महिन्यात मॅच बघताना शेवटच्या ओव्हर्समध्ये रिसीव्हर गप्प, प्रोटेक्शनमध्ये गेला, म्हणजे तापला म्हणून आपणहून बंद. दहा मिनिटं शटर उघडं ठेवलं की परत चालू. ते साहजिक आहे. बहुतेक रिसीव्हर क्लास एबी ह्या जुन्या पद्धतीचे असतात, नुसते चालू ठेवले आणि आवाज अगदी हळू असला तरी चाळीस-पन्नास वॉट खाऊन बसतात आणि त्यातले जवळजवळ सगळे उष्णता होऊन बाहेर पडतात. बंद खोक्यात तेवढ्या वॉटचा जुना पिवळा बल्ब तासन्‌तास लावून ठेवल्यासारखं. म्हणून तर रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये वर आणि बाजूंना मोकळी जागा सोडा असं लिहिलेलं असतं, आणि म्हणूनच रिसीव्हरच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवणाऱ्यांना मी हात जोडते. आतल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० डिग्री वाढलं की साधारण निम्मं होतं असा एक ढोबळ हिशोब आहे, म्हणजे आज बंद पडला नाही तरी आतून लवकर म्हातारा होतोय.

विम अ‍ॅम्प क्लास डी आहे, आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ चिप. क्लास डी मध्ये आउटपुटचे ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद असे सेकंदाला लाखो वेळा स्विच होतात, अर्धवट उघडे राहून वीज जाळत बसत नाहीत, त्यामुळे जोरात वाजवताना नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत जाते. गरम होतच नाही असं नाही हं, संध्याकाळभर सिरियली चालल्या की अ‍ॅल्युमिनियमचं अंग चांगलं कोमट लागतं, पण हात ठेवता येतो.

तरी मी खणाला हवा करून घेतलीच. आमचे सुतार राजापूरचे, सगळे त्यांना मामाच म्हणतात, त्यांना म्हटलं खालच्या फळीला पुढच्या बाजूने दोन भोकं आणि वरच्या फळीला मागच्या बाजूने दोन, तर मामा म्हणाले, 'वहिनी, भोकं पाडलीत की झुरळं राहायला येतील हं.' आणि बरोबर बोलले ते. अ‍ॅम्प, सेट-टॉप बॉक्स, राउटर, जे काही उबदार असतं ते झुरळांना आणि पालींना भारी आवडतं, पावसाळ्यात तर विचारू नका. मग दोन इंची होल सॉने भोकं पाडून आतून मच्छरदाणीची नायलॉनची जाळी फेविकॉलने चिकटवली, वरून ऑफिसच्या टेबलांना असतात तसल्या प्लॅस्टिकच्या रिंगा. खालून थंड हवा आत, वरून गरम बाहेर, आणि तिरपी जागा ठेवली म्हणजे हवा अ‍ॅम्पवरून जाते, एकाच बाजूला वर-खाली भोकं असतील तर ती तिथल्या तिथे वर निघून जाते. नायलॉनच्या जाळीत धूळ अडकते, ती महिन्या-दोन महिन्यांनी ब्रशने झाडायची, हे काम वाढलंय खरं.

ज्यांना मोठा रिसीव्हरच बसवायचाय त्यांनी ह्यात पंखा घालावा. १२० मिमीचा कॉम्प्युटरचा पंखा घ्या, लहान नको, लहान पंखा तेवढीच हवा फेकायला जास्त जोरात फिरतो आणि किरकिरतो. ५ व्होल्टवर चालणारे मिळतात, नॉक्टुआचे आहेत, ते टीव्हीच्या यूएसबीला लावले की बऱ्याच टीव्हींवर टीव्हीबरोबर चालू-बंद होतात, वेगळं बटण लागत नाही. पंख्याने हवा बाहेर खेचायची, आत ढकलायची नाही, आणि तो वरच्या भोकाला लावायचा. दिरांनी असंच केलं, शटरच्या जागी वेताच्या जाळीचं शटर लावलं, तेव्हापासून मॅच पूर्ण ऐकू येते.

शटर बंद आणि रिमोट चालत नाही, हा दुसरा कायमचा घोळ. साधा रिमोट इन्फ्रारेडचा, प्लायमधून जात नाही, काळपट काचेतून बहुतेक वेळा जातो, वेताच्या जाळीतून जातो कधी जात नाही कधी. विम अ‍ॅम्पसोबत येणारा रिमोट ब्लूटूथचा आहे, शटर बंद असू दे नाहीतर पडदा असू दे, त्याला फरक पडत नाही. पण खरं सांगू का, तो रिमोट आमच्याकडे ड्रॉवरमध्येच असतो, कारण एचडीएमआय एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने अ‍ॅम्पकडे पाठवायची सोय. टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय तिथून एक केबल अ‍ॅम्पला, बस. एआरसी एचडीएमआय १.४ पासून म्हणजे २००९ पासून आहे, त्यामुळे टीव्ही जुना असला तरी असण्याची शक्यता भरपूर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एका रिमोटने दोन्ही वस्तू चालवायची सोय) चालू करायचं, त्याला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव ठेवलंय, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. मग टीव्हीच्याच रिमोटने अ‍ॅम्पचा आवाज कमी-जास्त होतो, टीव्ही चालू केला की अ‍ॅम्प जागा होतो. टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये पीसीएम (साधा डिजिटल आवाज) निवडा, नाहीतर टीव्ही डॉल्बीचा सिग्नल पाठवत बसतो, आवाज येत नाही आणि आपण वायरी चेक करत बसतो.

हे मी एवढं लांबण लावून सांगतेय कारण आमच्याकडे टीव्ही सगळ्यात जास्त बघतात त्या माझ्या सासूबाई. त्यांना दुसरा रिमोट द्यायचा म्हणजे घरात कायमचा तंटा. आईंना अ‍ॅम्प नावाची वस्तू घरात आलीय हे कळलं ते आवाजावरून. सिरियलमधली माणसं कुजबुजली तरी कळतं आता, पूर्वी कुजबुज आली की आवाज वाढवायचा आणि जाहिरात लागली की कानावर हात. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, शब्द भिंतीवर आपटून येतात, त्यात आपले हॉल म्हणजे टाइल्स आणि काच, घुमणारच. बुकशेल्फ स्पीकर सरळ तोंडाकडे बघत बोलतात, फरक तिथे पडतो.

पॉवर ८ ओहमच्या स्पीकरला ६० वॉट, ४ ओहमच्या स्पीकरला १२० (ओहमचा आकडा स्पीकरच्या मागे लिहिलेला असतो). मला विचारलं गेलं की एवढ्याने काय होणार, अमुक रिसीव्हर शंभर वॉटचा आहे. आमचे स्पीकर ८७ डीबीचे (डेसिबल, आवाज किती मोठा त्याचं माप), म्हणजे एका वॉटला एक मीटरवर ८७ डीबी, ते हॉलमध्ये व्यवस्थित मोठं असतं. दुप्पट वॉट केले की फक्त ३ डीबी वाढतात, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात म्हणजे दहापट वॉट. साठ आणि शंभरमध्ये दोन-सव्वादोन डीबीचा फरक, ह्याच्यावर सोसायटीच्या ग्रुपवर वाद घालण्यात अर्थ नाही. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये आपण बहुतेक वेळ एक-दोन वॉटच वापरतो. जास्त पॉवर पाहिजे ती गणपतीच्या मांडवात, तिथे आहुजाचा अ‍ॅम्प आणि भोंगे, तो खेळच वेगळा.

आवाज स्वच्छ आहे, थोडा कोरडा म्हणेन, म्हणजे जुन्या अ‍ॅम्पचा जो जरा गुबगुबीत गोडवा असतो तो नाही. पखवाज-टाळ एकदम सुटेसुटे, पेटी छान, बाईचा आवाज खूपच छान. बास सुरुवातीला नको तितका होता पण त्याचं कारण स्पीकर. मागे भोक असलेले स्पीकर युनिटच्या कप्प्यात भिंतीला चिकटवून ठेवले की बास घुमतोच, कोणताही अ‍ॅम्प आणा. त्या भोकात फोमचा बोळा घातला, स्पीकर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढले, अर्धं काम झालं. उरलेलं अ‍ॅपमधल्या रूम करेक्शनने, फोनचा माइक धरून ते मोजमाप करतं आणि आपल्याआपण इक्वलायझर लावतं. फोनच्या माइकवर मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही, पण खालचा गडगडाट त्याने नेमका पकडला. सकाळी अभंग लावायला टीव्ही लावावा लागत नाही, फोनवरून थेट वाय-फायने जातं.

वाय-फायवरून आठवलं, प्लायच्या खणात सिग्नलला काही होत नाही, पण शटरला आरसा लावलेला असेल किंवा धातूचा पत्रा असेल तर वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही मार खातात. आमचा राउटर शेजारच्याच खणात आहे म्हणून मी सरळ लॅनची केबल लावून मोकळी झाले.

काय नाही ते पण ऐका. स्क्रीन नाही, काय चाललंय ते अ‍ॅपमध्ये बघायचं, बंद खणात मला त्याचं काही नाही, उघड्या शेल्फवर ठेवणाऱ्याला खटकेल. हेडफोनचं भोक नाही. टर्नटेबलसाठी फोनो इनपुट नाही, चोरबाजारातून तबकड्या जमवणाऱ्यांना वेगळा प्रीअ‍ॅम्प लागणार, म्हणजे परत जागा आली. एचडीएमआय एकच, त्यामुळे सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल सगळं टीव्हीला आणि टीव्हीतून एक केबल ह्याला. आणि हा दोनच स्पीकरचा अ‍ॅम्प आहे. मागून हेलिकॉप्टर गेलं पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यांनी रिसीव्हरच घ्यावा आणि सुताराला सतरा-अठरा इंचांचं युनिट सांगावं, तेही घर लावतानाच, नंतर नाही. सेंटर स्पीकर नसल्याने कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणाऱ्याला डायलॉग जवळच्या स्पीकरमधूनच आल्यासारखे वाटतात, आमच्याकडे ती खुर्ची नवऱ्याची आहे, त्याची तक्रार नोंदवून घेतलेली आहे. आणि स्पीकरच घरात नसतील, सगळं नवीनच घ्यायचं असेल, तर आधी साउंडबार ऐकून या, उगाच अ‍ॅम्प, स्पीकर, वायरी करत बसू नका. मी ह्या भानगडीत पडले कारण स्पीकर आधीपासून होते आणि चांगले होते.

सोनोसचा अ‍ॅम्प पण ऐकला, २१७ मिमी चौकोनी आणि ६४ मिमी उंच, १२५ वॉट, आमच्या २८० मध्ये तोही बसला असता, वायरींना सहा-साडेसहा सेंमी राहिले असते म्हणजे जरा ओढाताण. वस्तू उत्तम, पण किंमत ऐकून मी पाणी मागितलं.

वायरी लोहार चाळीतून आणल्या. ऑडिओच्या दुकानात ज्या सोनेरी वेष्टनातल्या मिळतात त्यांची गरज नाही, १.५ स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची दुहेरी वायर पाच मीटरपर्यंत मस्त चालते. एकच बघायचं, तांबं खरंच आहे का. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, परत करा. आमच्यासारखं समुद्राजवळ घर असेल तर उघडी टोकं पावसाळ्यानंतर काळी-हिरवी पडतात, म्हणून बनाना प्लग घट्ट स्क्रू करून लावा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा उघडून बघा. प्लग आणि काटकोनी एचडीएमआय अ‍ॅडाप्टर लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत, रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद. काटकोनी अ‍ॅडाप्टर घेताना तो वर वळतो की खाली ते बघून घ्या, दोन्ही प्रकार येतात आणि दुकानदार हाताला लागेल तो देतो.

मागे सब-आउट आहे, म्हणजे सबवूफर जोडता येतो, आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या खाली त्याच्याकडे पाठवायचं ते अ‍ॅपमध्ये ठरवता येतं. लहान स्पीकरला ८० हर्ट्झ ठेवून बघा. मी अजून घेतला नाहीये, सबवूफर युनिटच्या आत ठेवायची वस्तू नाही, आख्खं लाकूड थरथरतं, आणि जमिनीवर ठेवायला आमच्याकडे एकच कोपरा आहे, तिथे आईंची शिलाई मशीन आहे. त्या हलवायला तयार नाहीत.